रणगाड्याची जडणघडण

रणगाडा कोणी शोधला, या प्रश्नाला प्रत्येक देशात वेगळं उत्तर मिळतं. इटलीचा अभिमानी लिओनार्दो दा विंचीचं पंधराव्या शतकातलं चित्र पुढे करतो. त्यात कासवाच्या पाठीसारखं छत आहे, त्याखाली हातांनी दांडे फिरवून चाकं हलवणारी माणसं आहेत आणि चहूबाजूंना तोफांची तोंडं आहेत. ऑस्ट्रियात गुंथर बुर्श्टिन या लष्करी अधिकाऱ्याचा १९११ चा आराखडा दाखवला जातो. ऑस्ट्रेलियात लान्सलॉट द मोलचं नाव घेतात. त्याने १९१२ मध्ये लंडनच्या युद्ध खात्याकडे पाठवलेली रेखाटनं पुढच्या ब्रिटिश रणगाड्यांशी चकित करण्याइतकी जुळतात. फ्रान्समध्ये हा मान तोफखान्याच्या कर्नल एस्तिएनकडे जातो. ब्रिटनमध्ये तर दावेदारांची रांगच लागते. स्विंटन, हँकी, चर्चिल, ट्रिटन, विल्सन हे त्यातले ठळक. शिवाय १९०३ च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात खंदक ओलांडणाऱ्या अजस्र चिलखती यंत्रांची कथा लिहिणारे एच. जी. वेल्स. एका वस्तूवर इतके जण हक्क सांगतात तेव्हा एक गोष्ट उघड होते, ती म्हणजे कल्पनेचा तुटवडा कधीच नव्हता. चिलखताच्या आड बसून शत्रूवर चालून जावं, हे लढणाऱ्या माणसाला पूर्वापार वाटत आलं आहे. म्हणून ‘कोणाला सुचलं?’ या प्रश्नातून फारसं काही हाती लागत नाही. रणगाडा नेमका कोणत्या अडचणीसाठी बनवला गेला आणि यंत्र तयार झाल्यावरही त्याला कामाचं शस्त्र व्हायला आणखी दोन वर्षं का लागली, हे प्रश्न जास्त उपयोगाचे आहेत. त्यांच्या मागे गेलं की दिसतं, यंत्र बनवणं हा या गोष्टीचा अर्धाच भाग होता. दुरुस्ती, सराव, पायदळाशी जुळवाजुळव, तोफखान्याचं गणित असा उरलेला अर्धा भाग रणांगणावर आणि त्यामागच्या कर्मशाळांत, बरीच माणसं गमावून, तयार झाला.

पहिलं महायुद्ध सुरू होण्याआधीच रणगाड्याचे सगळे सुटे भाग जगात होते. पेट्रोलचं इंजिन होतं, पोलादी चिलखत होतं, मशीनगन होती. ओबडधोबड जमिनीवर चालणारे साखळी-पट्टेही होते. इंग्लंडमधल्या ग्रँथमच्या हॉर्न्सबी कंपनीत डेव्हिड रॉबर्ट्स यांनी पट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर तयार केला होता आणि ब्रिटिश लष्कराने त्याच्या चाचण्याही घेतल्या होत्या. तिकडे कॅलिफोर्नियात बेंजामिन होल्ट यांनी १९०४ मध्ये असाच ट्रॅक्टर भुसभुशीत शेतजमिनीत चालवून दाखवला होता. मग लष्कराने तेव्हाच या ट्रॅक्टरवर चिलखत आणि तोफ का चढवली नाही? सेनापती जुन्या वळणाचे आणि मठ्ठ होते, हे त्याचं नेहमीचं उत्तर. मठ्ठपणाची उदाहरणं त्या काळात हवी तितकी सापडतील, पण इथे ते उत्तर पुरत नाही. लष्कर ज्या युद्धाची अपेक्षा करतं त्याचीच तयारी करतं, आणि १९१२ साली सगळ्यांनाच फौजा वेगाने हलतील, बगला देतील, वेढे घालतील असं युद्ध अपेक्षित होतं. तशा युद्धात ताशी पाच-सहा किलोमीटर चालणारं, तासातासाला बिघडणारं धूड मागेच पडलं असतं. द मोलच्या कागदांवर उत्तर होतं, पण ज्या प्रश्नाचं ते उत्तर होतं तो प्रश्न अजून कोणाला पडलेला नव्हता.

तो प्रश्न १९१४ च्या अखेरीस पडला. बेल्जियमच्या समुद्रकिनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत खंदकांची सलग रांग उभी राहिली आणि बगल देण्यासारखी बाजूच उरली नाही. पुढे जायचं तर समोरूनच जावं लागणार होतं. समोर काटेरी तारांचं जाळं होतं आणि त्यामागे मशीनगन. तारा तोडायला दिवसचे दिवस तोफा डागाव्या लागत. त्यामुळे हल्ला कुठे होणार हे शत्रूला आधीच कळे, शिवाय मधली जमीन खड्ड्यांनी चाळण होऊन जाई. मार्च १९१५ मधल्या न्यव्ह शापेलच्या लढाईत या कोंडीचं स्वच्छ रूप दिसतं. त्या हल्ल्यात इंडियन कोअर म्हणजे हिंदी पलटणींचा मोठा वाटा होता. तोफखान्याचा छोटा पण जोरदार मारा झाला, पायदळ धावून गेलं आणि काही तासांत गाव हाती आलं. पण त्यापुढे सगळं अडलं. मागचे निरोप पुढे पोहोचेनात, तोफा पुढे सरकेनात, आणि तोवर जर्मनांनी राखीव फौज आणून नवी फळी उभी केली. शिरकाव जमत होता, पण आरपार जाता येत नव्हतं. बचाव करणाऱ्याची कुमक रेल्वेने येई, आणि हल्ला करणाऱ्याला मात्र फुटक्या जमिनीवरून पायी पुढे जावं लागे. त्यामुळे हव्या असलेल्या यंत्राची व्याख्या आपोआप ठरली. त्याने तार चिरडावी, खंदक ओलांडावा, मशीनगनच्या गोळ्या अंगावर घ्याव्यात आणि हे सगळं पायदळाच्या सोबतीने करावं.

ब्रिटनमध्ये हे काम नौदलाने हाती घेतलं, हे आज ऐकायला विचित्र वाटतं. अर्नेस्ट स्विंटन हा लष्कराच्या अभियंता दलाचा अधिकारी आघाडीवरून अधिकृत वार्तांकन करत होता. ऑक्टोबर १९१४ मध्ये होल्ट ट्रॅक्टरवर आधारलेल्या चिलखती यंत्राची कल्पना त्याने मॉरिस हँकी यांच्या कानावर घातली. हँकी हे साम्राज्य संरक्षण समितीचे सचिव. त्यांनी डिसेंबरअखेर एक टिपण लिहून हा विचार मंत्र्यांपर्यंत नेला. नौदलमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी तो लगेच उचलला. त्यालाही कारण होतं. नौदलाच्या विमान दलाच्या चिलखती मोटारी बेल्जियममध्ये फिरत होत्या आणि रस्त्यात खणलेल्या चरांपुढे अडकत होत्या, म्हणजे खंदकाची अडचण नौदलाच्या स्वतःच्या अनुभवातली होती. २० फेब्रुवारी १९१५ रोजी ‘लँडशिप’ समिती स्थापन झाली. तिचे अध्यक्ष युस्टेस टेनिसन डेनकोर्ट हे युद्धनौका बांधणीचे संचालक. चर्चिल यांनी नौदलाच्या पैशांतले सुमारे ७०,००० पौंड या कामासाठी राखले, तेही हे काम नौदलाच्या कक्षेत येत नसताना. लष्कर मागे राहिलं हे खरं, पण त्याच महिन्यात शूबरीनेसला लष्कराने होल्ट ट्रॅक्टरची चाचणी घेतली होती आणि चिखलात, चरांमध्ये तो ट्रॅक्टर साफ अपुरा पडला होता, हेही तितकंच खरं. ‘ट्रॅक्टरवर चिलखत चढवा’ ही कल्पना जशीच्या तशी चालणारी नव्हतीच. लष्कराचा नकार पुराव्याला धरून होता; चूक झाली ती एवढीच, की एका चाचणीवर त्याने विषय बंद केला.

पुढचे दहा-अकरा महिने लिंकन शहरातल्या विल्यम फॉस्टर कंपनीत गेले. ही शेतीची यंत्रं बनवणारी कंपनी, आणि विल्यम ट्रिटन तिचे प्रमुख. त्यांच्या जोडीला वॉल्टर विल्सन हे अभियंते होते. सुरुवातीला चाळीस फूट व्यासाच्या अजस्र चाकांच्या गाडीचा प्रस्तावही समितीपुढे आला होता. चाक जितकं मोठं तितका रुंद खंदक ओलांडता येतो, हे त्यामागचं तर्कशास्त्र बिनचूक होतं. पण तेवढं चाक तोफेला ऐतं लक्ष्य ठरलं असतं. मग शिकागोहून मागवलेले पट्टे लावून एक पेटीसारखी गाडी बांधली. तिचे पट्टे सारखे निसटत, म्हणून ट्रिटन यांनी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यांचे नवे पट्टे सप्टेंबर १९१५ मध्ये तयार केले. ही गाडी म्हणजे ‘लिटल विली’. ती चालत होती, पण लष्कराला हवा असलेला आठ फुटांचा खंदक तिला ओलांडता येत नव्हता. विल्सन यांनी उपाय काढला तो आकारात. पट्टा गाडीच्या खाली न ठेवता त्यांनी तो पूर्ण अंगाभोवती फिरवला आणि नाक वर उचललं. या तिरक्या चौकोनी आकारात जमिनीला टेकणारी कड अशी वळवलेली होती की ती जणू साठ फूट व्यासाच्या चाकाचा तुकडाच ठरावी. मोठ्या चाकाच्या कल्पनेतला कामाचा भाग उरला आणि चाक गेलं. वर फिरता बुरूज ठेवला तर गुरुत्वमध्य फार वर जाणार होता, म्हणून तोफा दोन्ही बाजूंना सज्ज्यांसारख्या पुढे काढलेल्या भागांत बसवल्या, आणि त्या तोफा नौदलाच्या साठ्यातून घेतल्या. आज रणगाडा म्हटला की डोळ्यांपुढे येणारा फिरता बुरूज पहिल्या रणगाड्याला नव्हता, आणि त्याला कारणीभूत होती ती खंदकाची रुंदी. यंत्राचा प्रत्येक वाकडा कोपरा अडचणीने आखून दिला होता, हे या एका उदाहरणावरून पटावं.

१९१६ च्या जानेवारीअखेर आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला हॅटफील्ड पार्कमध्ये खोदलेल्या खंदकांवरून ही गाडी मंत्र्यांना आणि सेनापतींना चालवून दाखवली. युद्धमंत्री किचनर यांनी तिला छानसं यांत्रिक खेळणं म्हटल्याचं सांगतात. तरी काही दिवसांतच १०० गाड्यांची मागणी नोंदवली गेली, आणि ती लवकरच १५० वर गेली. गुप्तता राखण्यासाठी ही पाण्याची टाकी आहे अशी बतावणी केली होती. तेच ‘टँक’ हे नाव पुढे चिकटलं. पहिल्या तुकडीतला हा ‘मार्क वन’ सुमारे २८ टनांचा होता. इंजिन १०५ अश्वशक्तीचं, वेग जास्तीत जास्त ताशी सहा किलोमीटर, आणि फुटक्या जमिनीवर त्याच्या निम्मादेखील नाही. आठ माणसांपैकी चौघं फक्त चालवण्यात गुंतत. एक चालक, ब्रेक सांभाळणारा एक अधिकारी, आणि मागे प्रत्येक पट्ट्याच्या गिअरला एकेक माणूस. इंजिन उघडंच मधोमध, सगळ्यांसोबत त्याच खोलीत. आवाज इतका की बोलणं अशक्य. हाताच्या खुणांनी किंवा हातोडी आपटून इशारे द्यायचे. आत तापमान ५० अंशांच्या आसपास जाई, कार्बन मोनॉक्साइड आणि दारूच्या धुराने माणसं ओकत, बेशुद्ध पडत. चिलखत ६ ते १२ मिलिमीटरचं. त्यावर बाहेरून गोळी आदळली की आतल्या बाजूने पोलादाच्या ठिणग्या उडत आणि तोंड सोलवटून काढत, म्हणून माणसांना साखळीच्या जाळीचे मुखवटे दिले होते. निरोप पाठवायला कबुतरं होती. खुष्कीची युद्धनौका म्हणून कल्पिलेल्या या यंत्रातून प्रत्यक्षात आठ अर्धमेली माणसं बाहेर पडत, आणि लढाईचं वेळापत्रक आखणाऱ्यांना ही गोष्ट बऱ्याच उशिरा कळली.

१५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या आघाडीवर, फ्लेर आणि कूरसलेत या गावांच्या परिसरात, रणगाडा पहिल्यांदा लढाईत उतरला. ४९ गाड्या निघाल्या. ठरलेल्या जागी तीसेकच पोहोचल्या, आणि त्यातल्याही कित्येक रुतल्या किंवा बंद पडल्या. एक गाडी मात्र फ्लेरच्या मुख्य रस्त्यावरून पायदळाला मागे घेऊन गेली आणि ब्रिटिश वर्तमानपत्रांना महिनाभर पुरेल इतका मजकूर मिळाला. त्यावरचा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो, आणि घेणाऱ्यांत स्विंटन आणि चर्चिलही आहेत. शेकडो रणगाडे जमेपर्यंत थांबायला हवं होतं, मूठभर गाड्यांसाठी मोठं गुपित उधळलं, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप वजनदार आहे, तरी मला तो पुरेसा वाटत नाही. पहिली गोष्ट, फ्लेरला जे बिघडलं त्यातलं बरंचसं सरावाच्या मैदानावर दिसणारच नव्हतं. दिशा देण्यासाठी मागे जोडलेली चाकं निरुपयोगी आहेत, तोफांनी नांगरलेल्या जमिनीत पट्टा कसा रुततो, पायदळाने किती अंतर ठेवावं, हे कळायला तोफांनी नांगरलेली खरी जमीनच लागते. चारशे गाड्या याच अवस्थेत उतरवल्या असत्या तर अपयश चारशे गाड्यांचं झालं असतं. दुसरी गोष्ट, गुपित फुटून शत्रूचा फायदा झाला म्हणावं तर जर्मनांनी धडा उलटाच घेतला. ही यंत्रं बिघडतात, मैदानी तोफेपुढे टिकत नाहीत, असं पाहून त्यांनी रणगाडे बांधण्याची घाई केली नाही. युद्ध संपेपर्यंत त्यांनी स्वतःचे ‘ए सात व्ही’ रणगाडे बांधले ते फक्त वीस. इकडे ब्रिटिश सरसेनापती हेग यांच्यावर सुधारणांना विरोध करणारा म्हणून ठपका ठेवतात, पण या लंगड्या पदार्पणानंतर त्यांनीच आणखी एक हजार रणगाडे मागितले.

१९१७ हे वर्ष बहुतेक अपयशांचं. एप्रिलमध्ये बुलकूरला ऑस्ट्रेलियन पायदळाला रणगाड्यांवर विसंबून तोफखान्याच्या माऱ्याविना पुढे पाठवलं; रणगाडे उशिरा पोहोचले, मोडले, आणि पायदळ तारांसमोर कापलं गेलं. पुढे वर्षभर ऑस्ट्रेलियन सैनिक रणगाड्याचं नाव काढू देत नव्हते. त्याच महिन्यात फ्रेंचांनी बेरी-ओ-बाकला आपले श्नायडर रणगाडे पहिल्यांदा उतरवले. सव्वाशेच्या आसपास गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक गमावल्या, कित्येक तोफगोळ्याने पेटून, कारण इंधन चिलखतामागे धड सुरक्षित नव्हतं. जुलैअखेर यीप्रच्या तिसऱ्या लढाईत पावसाने आणि लाखो तोफगोळ्यांनी जमिनीचं दलदलीत रूपांतर केलं आणि रणगाडे त्यात बुडाले. या तिन्ही ठिकाणी यंत्राचा दोष होता त्याहून मोठा दोष ते वापरण्याच्या पद्धतीचा होता. रणगाडा तोफखान्याच्या बदली वापरला, किंवा तोफखान्याने आधीच नासवलेल्या जमिनीवर वापरला.

कांब्रेची लढाई वेगळी ठरली ती इथेच. २० नोव्हेंबर १९१७ रोजी ४७६ रणगाडे एकाच ठिकाणी उतरवले, त्यातले ३७८ लढाऊ. हा आकडा नेहमी सांगितला जातो, पण लढाईची किल्ली आकड्यात नव्हती. जमीन निवडली ती कोरडी, तोफांनी न उकरलेली. हजारएक तोफा आणल्या, पण एकही गोळा आधी टाकून पाहिला नाही. नेम धरण्यासाठी आधी काही गोळे डागून ते कुठे पडतात ते पाहायचं, ही तोवरची रीत. त्यामुळे शत्रू सावध होई. आता मोजणीदारांनी काढलेले बिनचूक नकाशे, आवाजावरून शत्रूच्या तोफांची जागा हेरण्याची युक्ती, वाऱ्याचा आणि हवेच्या दाबाचा हिशेब, यांच्या बळावर पहिला गोळाच निशाण्यावर टाकता येऊ लागला होता. मात्र तारा कोण तोडणार, हा प्रश्न राही. त्यासाठीच तर आठवडाभराचा मारा लागे. तार चिरडण्याचं काम रणगाड्यांनी घेतलं आणि तोफखाना त्या जबाबदारीतून मोकळा झाला. रणगाड्याची कांब्रेतली सर्वांत मोठी कामगिरी कोणती, तर त्याने तोफांना हल्ल्याच्या क्षणापर्यंत गप्प राहू दिलं. खंदकही साधे नव्हते. जर्मनांच्या हिंडेनबुर्ग फळीतले खंदक मुद्दाम इतके रुंद खणले होते की रणगाडा त्यात पडावा. त्यावर उतारा म्हणून प्रत्येक गाडीच्या डोक्यावर फाट्यांची प्रचंड मोळी बांधली. दीड-पावणेदोन टन वजनाची, साखळ्यांनी आवळलेली. रणगाडा ती खंदकात टाकी आणि तिच्यावरून पलीकडे जाई. एका गाडीला एकच मोळी, म्हणून कोणत्या गाडीने कोणत्या खंदकात ती टाकायची याचा तीन-तीन गाड्यांच्या गटांनी पायदळासह आधी सराव केला होता. त्या दिवशी फौज काही ठिकाणी आठ किलोमीटर आत गेली, यीप्रला जेवढ्यासाठी तीन महिने आणि लाखो माणसं लागली जवळजवळ तेवढं अंतर. इंग्लंडभर चर्चच्या घंटा वाजवण्यात आल्या.

घंटा वाजवण्याची घाईच झाली. पहिल्याच दिवशी १७९ रणगाडे निकामी झाले, आणि त्यातले तोफगोळ्याने फुटलेले फक्त ६५. बाकीचे बिघडले किंवा अडकले. फ्लेक्येरच्या टेकडीवर पायदळ मागे राहिलं, एकटे पुढे गेलेले रणगाडे जर्मन मैदानी तोफांनी एकेक करून टिपले. मास्निएरला कालव्यावरचा पूल एका रणगाड्याच्या वजनाने कोसळला आणि घोडदळाची वाट बंद झाली. ताजे रणगाडे उरले नव्हते, राखीव पायदळही नव्हतं. ३० नोव्हेंबरला जर्मनांनी प्रतिहल्ला चढवून गेलेल्या जमिनीतली बरीचशी परत घेतली, तीही एकाही मोठ्या रणगाडा-दलाशिवाय, लहान तुकड्यांनी झिरपत शिरण्याच्या नव्या पद्धतीने. रणगाड्यामुळेच खंदकांची कोंडी फुटली असं मानणाऱ्यांना हा दिवस अडचणीचा वाटायला हवा. कोंडी फोडण्याचे मार्ग एकाहून अधिक होते, आणि ज्याला तोफखाना, पायदळ आणि आश्चर्याचा धक्का यांचा मेळ घालता आला त्याला शिरकाव जमत होता. रणगाडा हा त्या मेळातला एक घटक, फार मोलाचा, पण एकट्याने अपुरा.

फ्रेंचांनी आपल्या फसलेल्या यंत्रांवरून वेगळा निष्कर्ष काढला, आणि दूरच्या काळाचा विचार करता तो जास्त फलदायी ठरला. एस्तिएन आणि कारखानदार लुई रेनो यांनी अवजड रणगाड्यांऐवजी साडेसहा टनांचा, दोन माणसांचा हलका रणगाडा आणला. रेनो एफटीमध्ये चालक पुढे, इंजिन मागे वेगळ्या कप्प्यात, आणि वर सगळीकडे फिरणारा बुरूज. आजही बहुतेक रणगाडे ढोबळमानाने याच मांडणीचे असतात. रुंद खंदक ओलांडण्यात तो ब्रिटिश गाड्यांच्या मागे होता. पण तो स्वस्त होता, झपाट्याने बनत होता, आणि युद्ध संपेपर्यंत तीन हजारांहून अधिक तयार झाले. एक मोडला तर पाठोपाठ दुसरा येई. मे १९१८ अखेर तो पहिल्यांदा लढला आणि जुलैमध्ये स्वासोंच्या प्रतिहल्ल्यात फ्रेंच रणगाडे शेकड्यांनी उतरले. ब्रिटिशांकडेही यंत्र सुधारलं होतं. ‘मार्क फाइव्ह’मध्ये विल्सन यांच्या नव्या गिअरमुळे चार जणांचं काम एकटा चालक करू लागला. सुधारणांच्या यादीत ही बाब कोपऱ्यात सापडते, पण वेग किंवा चिलखत यांपेक्षा तिनेच लढाईत जास्त फरक पाडला असं मला वाटतं. हात मोकळे झाले आणि वळायला थांबावं लागेनासं झालं.

४ जुलै १९१८ रोजी आमेल गावावर ऑस्ट्रेलियन सेनापती जॉन मॉनॅश यांनी केलेला हल्ला ९३ मिनिटांत संपला. बुलकूरनंतर रणगाड्यांवर विश्वास न उरलेल्या पलटणींना त्यांनी आधी रणगाडा-दलाच्या तळावर नेलं, माणसांना गाड्यांवर बसवलं, चालकांशी ओळखी करून दिल्या, रणगाड्याला कोणत्या खुणेने बोलवायचं ते ठरवून दिलं. रणगाडे सुमारे साठ होते. दारूगोळा पोहोचवायला काही विमानं आणि मालवाहू रणगाडेही होते. महिन्याभराने, ८ ऑगस्टला, आमियाँजवळ हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर वापरलं. जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ यांनी त्या दिवसाला जर्मन सैन्याचा काळा दिवस म्हटलं. त्या दिवशी चारशेहून अधिक ब्रिटिश रणगाडे लढाईत उतरले. दुसऱ्या दिवशी चालू स्थितीत होते १४५. तिसऱ्या दिवशी ८५, चौथ्या दिवशी ३८, आणि १२ ऑगस्टला फक्त ६. रणगाड्यांनी युद्ध जिंकलं असं म्हणणाऱ्यांनी या उतरत्या आकड्यांचा विचार करावा. पुढचे तीन महिने दोस्त फौजा पुढे सरकत राहिल्या त्या मुख्यतः तोफखान्याच्या, माणसांच्या, रसदीच्या आणि अमेरिकेहून येणाऱ्या ताज्या फौजेच्या जोरावर. उलट, रणगाड्यांनी काहीच साधलं नाही असं म्हणणाऱ्यांनी ८ ऑगस्टची सकाळ पाहावी. पहिला दिवस त्यांनी मिळवून दिला. पाचवा दिवस मिळवून देण्याची त्या यंत्रांची कुवत नव्हती.

फळी फोडल्यावर पाठलाग कोण करणार, हा प्रश्न युद्धभर सुटला नाही, आणि सेनापतींनी घोडदळ शेवटपर्यंत का सांभाळलं याचं उत्तर त्यात आहे. ते केवळ घोड्यांच्या प्रेमापोटी होतं असा समज आहे. पण ताशी पाच किलोमीटर चालणाऱ्या आणि तीस-पस्तीस किलोमीटरांत इंधन संपणाऱ्या यंत्राकडून पाठलाग होणं शक्यच नव्हतं, तेव्हा घोड्याला पर्याय नव्हता. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी सोमवर हाय वुडच्या बाजूला डेक्कन हॉर्सच्या हिंदी स्वारांनी ब्रिटिश ड्रगून गार्ड्ससह भाले घेऊन दौड केली. पूना हॉर्सही त्याच ब्रिगेडमध्ये होतं. दौडीचा जोर पुढच्या मशीनगनांपाशी ओसरला आणि ते माघारी आले. दोनच महिन्यांनी त्याच हाय वुडपाशी रणगाडे धडकले आणि झाडांच्या बुंध्यांत अडकले. दोघांनाही त्या जमिनीने सारखंच वागवलं. १९१८ मध्ये ‘व्हिपेट’ या थोड्या वेगवान रणगाड्यांना घोडदळासोबत पाठवण्याचा प्रयोग आमियाँला झाला, पण मोकळ्या जमिनीवर घोडे पुढे निघून जात आणि गोळ्या सुटल्या की रणगाडे पुढे, घोडे मागे. जोडी जमली नाही. वेगवान यंत्र आणि बिनतारी संदेश हाताशी आल्यावर पुढच्या पिढीत घोडदळाच्या पलटणींनीच रणगाडे घेतले. १९६५ च्या युद्धात पूना हॉर्स फिलोऱ्याच्या आघाडीवर सेंच्युरियन रणगाड्यांतून लढलं आणि डेक्कन हॉर्स असल उत्तरला शर्मनमधून. भारतीय चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला आहे, आणि तिथल्या रणगाडा संग्रहालयात या बदलाचे पोलादी पुरावे मांडलेले आहेत.

युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये संशोधकांना बक्षिसं देण्यासाठी राजनियुक्त आयोग बसला आणि १९१९ मध्ये त्याच्यापुढे रणगाड्याचे दावेदार रांगेने उभे राहिले. आयोगाने ट्रिटन आणि विल्सन यांना मिळून १५,००० पौंड दिले. चर्चिल यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही, पण त्यांच्या धडाडीशिवाय कल्पना प्रत्यक्षात उतरली नसती अशी नोंद आयोगाने केली. स्विंटन यांना हजार पौंड मिळाले. द मोलचा आराखडा प्रत्यक्षातल्या रणगाड्याहून काही बाबतींत सरस होता हे आयोगाने उघडपणे मान्य केलं, पण त्याचे कागद लंडनच्या कपाटात पडून राहिले आणि ट्रिटन-विल्सन यांच्यापर्यंत पोहोचलेच नाहीत, म्हणून खर्चापलीकडे त्याला काही दिलं नाही. तो काळाच्या पुढे होता हे त्याचं दुर्दैव, असं आयोगाला वाटलं. फ्रान्समध्ये एरँ गावाजवळ रणगाडा-दलाची मध्यवर्ती कर्मशाळा होती. मोडक्या गाड्या तिथे ओढून आणत, दोन गाड्यांचे भाग काढून एक उभी करत. कांब्रेच्या त्या अवजड मोळ्या तिथेच बांधल्या गेल्या, दोन रणगाडे विरुद्ध दिशांना साखळ्या ओढत असताना. बांधणारे हात होते चिनी मजूर तुकडीतल्या कामगारांचे, आणि आयोगापुढच्या रांगेत त्यांच्यापैकी कोणी नव्हतं.